डालग्याखालचं भांडण

सरुबाईचा आवाज जुन्या नाटक कंपन्यांच्या हाती लागला असता, तर त्यांनी तिला पायघड्या घालून नेलं असतं. धायरीच्या ओढ्याकाठी उभी राहून ती बोलायला लागली, की पलीकडच्या वस्तीवर जेवणारा माणूस घास हातात धरून ऐकत बसे. माइक नाही, पेटी नाही, विंगेतून सांगणारा कोणी नाही. नुसता खोचलेला पदर, एक हात कमरेवर, दुसरा हवेत, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानात नेमका जाऊन बसणारा शब्द.

अशी ती सरुबाई त्या संध्याकाळी गोठ्यात म्हशीच्या पोटाशी उकिडवी बसली होती आणि संतापाने तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

काजळीने पुन्हा पान्हा चोरला होता. कास भरून ताठ झालेली, रेडकू ढुशा देऊन दमलेलं, पुढ्यात सरकीची पेंड भिजवून ठेवलेली. तरी म्हैस दूध वर ओढून धरून उभी. कान मागे, डोळे पांढरे, अंगावरून सारखी थरथर. चरवीचा तळ जेमतेम झाकला होता.

कारण भिंतीपलीकडे होतं. गव्हाणीला लागून कुंपणाची भिंत, आणि भिंतीला लागून, पलीकडच्या अंगाला, शेजारच्या बंगलेवाल्या ऋषीच्या पोहण्याच्या तलावाची मोटार. दुपार कलली की ती सुरू होई आणि दिवेलागण होईपर्यंत घरघरत राही. नुसती घरघर असती तर काजळीने एखादे वेळी सोसलीही असती. पण मोटार मध्येच धाप लागल्यासारखी थांबे, गुरगुरे, आणि मग एकदम कोणी पत्र्यावर धोंडा टाकावा तशी धाडकन पुन्हा सुरू होई. त्या आवाजासरशी म्हैस दचके. दचकली की पान्हा गेला. शनिवार-रविवारी तर ती सकाळपासूनच चालू, आणि त्यात तलावातल्या पोरांच्या किंकाळ्या आणि कसलंसं धडधडणारं गाणं यांची भर.

"आजबी न्हाईच?" शंभू दारात उभा होता. सरुबाईचा हा थोरला मुलगा. कारखान्यातून सुटून आला, की सायकलला किटल्या अडकवून रतीब घालायला जायचा.

"दिसतंय न्हवं?"

"आई, चार घरांनी पिशवीचं दूध चालू केलं. त्यांचं तरी काय चुकलं? आपण रोज अर्धंच माप न्यायचं." शंभू आवाज खाली आणून म्हणाला, "मी व्यापाऱ्याला सांगितलंय. येत्या सोमवारी येतोय म्हैस बघायला."

सरुबाईने रेडकू पुन्हा कासेशी ढकललं.

"मग हितं गोठा ठेवून तरी काय करायचं? बिल्डर दोनदा इचारून गेला. वारज्याला सुंदराकाकू कशी ऱ्हाती, तसं आपणबी वर फ्लॅटात..."

"शंभ्या," सरुबाई म्हणाली, "किटली घे आन् जा."

काजळी गेली की गोठा जाणार, गोठा गेला की जमिनीचा उरलेला हा तुकडा जाणार, आणि मग आपल्याला कोणीतरी लिफ्टमध्ये घालून वर नेऊन ठेवणार, हे सरुबाईला स्वच्छ दिसत होतं. तिची मागणीही स्वच्छ होती. हौद बुजवा असं ती म्हणत नव्हती. पोरांनी डुंबू नये असंही नाही. ती मोटार तेवढी इथून उचला आणि पलीकडच्या अंगाला न्या, एवढंच. आणि एवढं भांडून मिळवता येत नव्हतं, हे तिच्या संतापाचं खरं मूळ होतं.

कारण भांडण हा सरुबाईच्या आयुष्यातला मानाचा विषय होता.

आज जिथे भिंत आहे तिथे पूर्वी बांध होता. अलीकडे सरुबाईचा नवरा गेनबा, पलीकडे त्याचा धाकटा भाऊ कोंडीराम. दोघे भाऊ मुखदुर्बळ. शेत बघावं, तंबाखू मळावी, मान हलवावी. बोलायचं काम दोघांच्या बायकांनी वाटून घेतलं होतं, आणि ते काम त्यांनी बांधावर उभं राहून वर्षानुवर्षं केलं. कोंडीरामाची सुंदराबाई म्हणजे सरुबाईची जाऊ. ती ठेंगणी, गोरी, आणि जिभेला अशी धार, की ऐकणाऱ्याला जखम घरी गेल्यावर कळायची.

भांडणाला विषय लागत नसे, पण असायचा. बांधावरचा शेवगा होता. बुंधा सुंदराबाईच्या हद्दीत, फांद्या सरुबाईच्या. शेंगा कोणाच्या? सुंदराबाई त्या काढून मंडईत नेऊन विकायची, आणि सरुबाई जाताना आणि येताना तिला बांधावर गाठायची. पण त्यालाही रीत होती. एकमेकींच्या पोरांचं नाव घ्यायचं नाही. कुंकवाला बोल लावायचा नाही. गेलेल्या माणसाला वर आणायचं नाही. एकीचं बोलून होईपर्यंत दुसरीने मध्ये तोंड घालायचं नाही. फार तर बोटं मोडायची. आणि भाकरीची वेळ झाली की थांबायचं.

थांबायचं म्हणजे संपवायचं नाही. सरुबाई कोंबड्या झाकायचं डालगं, ती बांबूची मोठी गोल टोपली, घेऊन यायची आणि बांधावर पालथं घालायची. भांडण त्याच्या खाली. जी मागून निघेल तिने वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवायचा. मग दोघी आपापल्या चुलीकडे. तेवढ्या वेळात एकीकडे मीठ संपलं तर दुसरीकडून जायचं, बाळंतीण असली तर काढा जायचा. दुसऱ्या दिवशी जिला सवड होई ती डालगं उचलायची आणि कालचं शेवटचं वाक्य जिथे तुटलं असेल, तिथून पुढे सुरू. एक शब्द इकडचा तिकडे नाही. नटांची चार चार वर्षं तालीम घेऊनही असं पाठांतर होत नाही.

कोंडीराम गेला. गेनबाही गेला. मग शहर ओढ्यापर्यंत आलं. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उठल्या, त्यांत काम करणाऱ्यांना घरं हवी झाली, आणि सुंदराबाईच्या मुलांनी बांधापलीकडचं सगळं विकलं. टेम्पोत गाद्या-भांडी चढवली, वर सुंदराबाईला बसवलं आणि वारज्याला नेलं. त्या सकाळीही बांधावर डालगं पालथं होतं. शेवग्याचं प्रकरण आदल्या दिवशी अर्ध्यावर राहिलेलं. सुंदराबाई टेम्पोतून त्याच्याकडे बघत गेली. पुढे जेसीबी आला, त्याने शेवगा काढला, बांध काढला. डालगं तेवढं सरुबाईने धावत जाऊन उचललं.

तिथे ऋषीचा बंगला उभा राहिला. ऋषी माणूस वाईट नव्हता. उंच, चष्मेवाला, अमेरिकेत दहा वर्षं राहून आलेला. घरात असेल तेव्हा अर्ध्या चड्डीत आणि कानाला फोन. त्याची बायको अपेक्षा, तीही तसल्याच कंपनीत, बारीकशी, कायम घाईत. लहान मूल एक. आणि भिंतीच्या कडेने निळ्या फरशीचा तो लांबलचक हौद.

मोटारीच्या पहिल्याच आठवड्यात सरुबाई भिंतीशी उभी राहिली. भिंत छातीइतकी, भांडायला अगदी बेताची. तिने पदर खोचला आणि सुरुवात केली.

"अहो हौदवाले! माणसं ऱ्हात्यात का हितं? का आमची म्हैस वाळवायची मशीन बसवलीया?"

ऋषी आला. फोन बंद करून, हात पुसत आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलला नाही. सरुबाईला वाटलं, रीत ठाऊक आहे पोराला. ती थांबली, कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघू लागली.

"मावशी," ऋषी म्हणाला, "आपण म्हणताय ते अगदी बरोबर आहे. मला तुमचा त्रास पूर्णपणे समजतोय."

सरुबाईचा कमरेवरचा हात खाली आला.

"आपण सांगितलंत ते फार चांगलं झालं. थँक्यू. मी नक्की बघतो यात काय करता येईल ते."

आणि गेला. मोटार चालूच.

असं एकदा नाही, चारपाचदा झालं. ऋषीला कंपनीने साता समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकांचा संताप झेलायला शिकवलं होतं. आधी शांतपणे ऐका, मान हलवा, समजलं म्हणा, आभार माना. समोरचा ओरडून थकतो. तो बिचारा तेच भिंतीवर करत होता, आणि मनापासून करत होता. पण सरुबाईच्या लेखी याच्याइतका अपमान नव्हता. समोरच्याने चार शिव्या घालाव्यात, 'तुझी म्हैस आणि तू ओढ्यात जा' म्हणावं. त्याला उत्तर असतं. 'बरोबर आहे' याला काय उत्तर देणार? समोरच्या नटाने आपल्या प्रत्येक वाक्याला नमस्कारच करायचा ठरवला, तर प्रवेश पुढे जाणार कसा?

एकदा तिने आवाज चढवला, तर वरच्या मजल्यावरची काचेची खिडकी सर्रकन सरकून बंद झाली. सरुबाईचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कशावर तरी आपटून परत आला.

त्या दुपारी तिने शेवटचा उपाय केला. घरातून डालगं आणलं आणि भिंतीवर पालथं घातलं. भांडण राहिलंय, मिटलेलं नाही, एवढं तर कोणालाही कळेल.

सकाळी डालगं नव्हतं.

सरुबाईच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्यांनी उचललं! म्हणजे भांडायला तयार आहेत. तिने भाकऱ्या उरकल्या, चूळ भरली, पदर खोचला आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. ऊन वर आलं. पलीकडे मोलकरीण फरशी पुसत होती. कोणी आलं नाही. दुपारही गेली.

संध्याकाळी तलावाकाठी पाहुणे जमले तेव्हा तिला डालगं दिसलं. बसायच्या छपरीत, मधोमध, उलटं टांगलेलं. आत पिवळा दिवा. बांबूच्या फटींतून उजेडाची जाळी सगळ्या पाण्यावर पडली होती आणि खाली उभी राहून माणसं वर बघत होती.

अपेक्षाची नजर सरुबाईकडे गेली. तिने हसून हात हलवला आणि लगबगीने भिंतीशी आली.

"आजी, थँक्यू हं! किती क्यूट आहे! सगळे विचारतायत कुठून आणलं. आणखी दोन मिळतील का असले? मी पैसे देईन ना."

त्या क्षणापासून त्या संध्याकाळच्या दुधापर्यंत सरुबाईला वाचा नव्हती. आणि आता वर शंभू व्यापाऱ्याचा सोमवार सांगून गेला होता.

रात्री जेवताना शंभू म्हणाला, "आपण महापालिकेत अर्ज देऊ."

"अर्ज कागदासंगं भांडतो," सरुबाई म्हणाली. "मला माणसासंगं भांडायचंय."

सकाळी तिने धडुतं झटकून नेसलं आणि दोन बस बदलून वारज्याला गेली.

सुंदराबाई चौथ्या मजल्यावर होती. दार उघडलं तेव्हा तिने सरुबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जावा पाच-सहा वर्षांनी भेटत होत्या.

"आलीस?" सुंदराबाई म्हणाली. "शेंगा कुणाच्या व्हत्या?"

"पाणी तरी दे बये, मग सांगती."

पाणी झालं, चहा झाला. सुंदराबाई वाळली होती. हात रिकामे असल्यासारखे मांडीवर ठेवून बसली होती. सून कामावर, नातवंडं शाळेत. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या, सगळ्या बंद.

"हितं कुणी भांडतंय का न्हाई?" सरुबाईने विचारलं.

"हितं?" सुंदराबाई तुच्छतेने हसली. "हितं दाराला भिंग हाय. आतून डोळा लावून बघत्यात आन् उघडत न्हाईत. परवा वरच्या बाईनं माज्या वाळवणावर पाणी सांडलं. मी गेली वर. म्हटलं आज दोन शब्द व्हतील. तर ती म्हणती, सॉरी! आन् दार लावलं. मी आपली आले जिना उतरून. समदं तोंडातल्या तोंडात ऱ्हायलं, सरू. रातभर दाढंखाली दुखत व्हतं."

मग सरुबाईने सगळं सांगितलं. हौद, मोटार, काजळी, सोमवारचा व्यापारी, 'बरोबर आहे', आणि शेवटी दिवा लावलेलं डालगं. डालग्याचं ऐकताना सुंदराबाईचा हात मांडीवरून उठला आणि कमरेवर गेला.

"त्यात आपलं शेवग्याचं व्हतं की गं," ती म्हणाली. "अर्धं ऱ्हायलेलं."

"म्हणूनच आले. चल. भांडायला."

"येती. पर एक सांगून ठिवती. माजी जागा पल्याडची. मी तुज्या अंगाला उभी ऱ्हाणार न्हाई. मी त्यांच्या बाजूनं भांडणार."

"मग अल्याड उभी ऱ्हाऊन काय माजी आरती करणार व्हतीस? तिकडूनच पायजेल."

रविवारी सकाळी हौद भरगच्च होता. पोरं उड्या टाकत होती, मोठी माणसं गॉगल लावून पाय सोडून बसली होती, गाणं धडधडत होतं. सुंदराबाई फाटकातून आत शिरली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. अपेक्षाला वाटलं कोणाची तरी आजी. तिने खुर्ची पुढे केली.

"बसायला न्हाई आले पोरी. हितली जुनी मालकीण मी. तुमची बाजू मांडाया आले."

ती ओल्या फरशीवरून सांभाळून, पाहुण्यांच्या मधून चालत भिंतीपाशी गेली आणि जिथे पूर्वी उभी राहायची त्या नेमक्या जागी उभी राहिली. शेजारीच आता मोटार होती. मोटारीला खेटून तिने पदर खोचला. पलीकडे सरुबाई उभी होतीच. जुन्या नटांचा प्रवेश जसा नुसता उभ्या राहण्याने ठरतो, तसं झालं. कोणीतरी आपण होऊन गाणं बंद केलं.

"काय गं सरे!" सुंदराबाईने पहिला स्वर लावला. "पोरांनी हौसंनं तळं बांधलं, तर तुज्या पोटात का दुखतंय?"

"तळं बांधावं न्हाईतर समिंदर आणावा! माज्या गव्हाणीत कशापायी घुसवलाय?"

"गव्हाणीत कुठं? भितीच्या अल्याड हाय. आमच्या हद्दीत आम्ही मोटार ठिवू न्हाईतर इमान ठिवू!"

"इमान ठिवा! ते उडून तरी जाईल!"

पाण्यातली पोरं काठाला चिकटली. कोणी हसलं, कोणी मोबाइल वर धरला. ऋषी धावत आला.

"मावशी, प्लीज, प्लीज. आपण शांतपणे..."

"गप रं," सुंदराबाई मागे न बघता म्हणाली. "तुजंच वकीलपत्र घेतलंय. मधी बोलून घालवू नगंस." आणि पुन्हा भिंतीकडे, "आन् म्हस पान्हा सोडत न्हाई ती मोटारीनं व्हय? तुजं तोंड बघून आटली आसंल!"

"माजं तोंड तिनं आजवर रोज बघितलं, आन् चरवी भरून दिली! मोटार आली आन् आटली! उद्या तिला व्यापारी न्यायला येतोय. माज्या दावणीला हात लावायला येतोय सुंदरे, ह्या हौदापायी! मोटार ठिवायला त्या अंगाला जागा न्हवती? तिकडं समदं मैदान पडलंय. हितंच का? सांग की! बोल!"

सुंदराबाई थबकली. बिनतोड होतं. पण ती बाजू घेऊन आली होती, आणि बाजूला उत्तर हवं. तिने वळून अपेक्षाला विचारलं, "व्हय गं पोरी, हितंच का ठिवली?"

अपेक्षा गोंधळली. इतक्या माणसांदेखत तिला खोटं सुचलं नाही.

"म्हणजे... आर्किटेक्टने सांगितलं. तिकडे आमची बेडरूम आहे ना. आवाज येतो म्हणून."

तेवढ्यात मोटार धाप टाकून थांबली, गुरगुरली, आणि धाडकन सुरू झाली. ऋषीसुद्धा दचकला.

"ऐकलं?" सरुबाईचा आवाज खाली आला, आणि तो खाली आलेला आवाज जास्त भयंकर होता. "आवाज येतो हे ठावं व्हतं. तुमच्या उशाला नगं म्हणून माज्या उशाला ठिवला. आन् तोंडानं म्हणायचं, मावशी, तुमचा तरास समजतो! अगं कान हायत का कुड्या अडकवायच्या खुंट्या? माजं भांडण टांगून त्यात दिवा लावलास! त्याखाली बसून खाल्लंस!"

"कोणतं भांडण?" अपेक्षाने विचारलं.

"ते!" सरुबाईने छपरीकडे बोट केलं. "ऱ्हायलेलं भांडण झाकून ठिवत्यात त्यानं! तू काय बाजारातलं खेळणं समजलीस?"

अपेक्षाचा चेहरा लाल झाला. इतका वेळ हातात धरलेला सरबताचा ट्रे तिने खाली आदळला. ती मूळची अकोल्याकडची, पुण्यात शिकायला आलेली, आणि इथे आल्यापासून तिने आपली बोली कपाटात घडी घालून ठेवली होती. ती घडी आता मोडली.

"मले कोणी सांगतलं का हे? कधीची ऐकून राह्यले मी! आवाज फक्त आमचाच येते का? आन् तुम्ही पहाटे पाचले ढणाढणा बादल्या आपटता, त्याचं काय? लेकरू झोपत नाही माहं! रात्री दोनले ऑफिसचा कॉल संपते, डोया लागत नाही तं तुमच्या बादल्या! माह्या भिंतीले शेणाच्या गोवऱ्या थापता, माश्या पाण्यात येऊन पडते! खिडकी उघडता येत नाही मले माह्याच घराची! मी बोलली का कधी? ऋषी म्हणे जाऊ दे, जाऊ दे. कायले जाऊ दे? मले का तोंड नाही?"

ऋषीने आपल्या बायकोकडे नवीन माणसाकडे बघावं तसं बघितलं.

आणि सरुबाई? तिचे डोळे लकाकले. नाकपुड्या फुगल्या. किती दिवसांनी समोरून चेंडू परत आला होता! तिने पदर नव्याने खोचला.

"गोवऱ्या न्हाई थापायच्या तर काय रांगोळी काढायची भितीवर? आन् माशी तुज्या पाण्यात पडती, कारण पाणीच तुजं बिनकामाचं! ना पिकाला, ना प्यायला!"

"मंग पहाटेच्या बादल्याइचं बोला! ते नका टाळू!"

"वा!" सुंदराबाई हळूच म्हणाली आणि एक पाऊल मागे सरून तिने अपेक्षाला जागा करून दिली. ओल्या खुर्चीत ती समाधानाने टेकली.

बराच वेळ चाललं. अपेक्षाला रीत ठाऊक नव्हती, मध्येच तोंड घालायची, तेव्हा सुंदराबाई तिचा हात दाबून म्हणायची, "तिचं व्हऊ दे, मग तुजं." एकदा ती शंभूवर घसरली, तर दोघी जावा एकदमच ओरडल्या, "पोरांचं नाव न्हाई घ्यायचं!" अपेक्षा जीभ चावून परत बादल्यांवर आली. पाहुण्यांपैकी कोणी हसत नव्हतं आता. मोबाइल खाली गेले होते.

फाटकाशी कोणीतरी जेवणाचे डबे घेऊन आलं. सुंदराबाई उठली.

"जेवायची येळ झाली. डालगं आणा."

ऋषी स्वतः स्टुलावर चढला. दिवा सोडवला, टांगायची तार कापली, आणि डालगं दोन्ही हातांत धरून भिंतीशी आला. तोंड उघडून तो काहीतरी म्हणणार होता. सुंदराबाईने नुसतं बघितलं. त्याने ते मुकाट्याने भिंतीवर पालथं ठेवलं.

"मिटलं न्हाई हां," सरुबाई म्हणाली.

"मिटलं कुठं?" अपेक्षा धापा टाकत म्हणाली. "बादल्या राह्यल्या अजून."

सुंदराबाई जेवायला सरुबाईकडे आली. पिठलं-भाकरी खाता खाता दोघींनी शेवग्याच्या शेंगा पुन्हा काढल्या, आणि चांगल्या तासभर पुरवल्या.

दुपार कलली. सरुबाई चरवी घेऊन गोठ्यात आली. काजळीच्या पाठीवर हात ठेवला. थरथर नव्हती. रेडकू सोडलं, दोन ढुशा घेऊ दिल्या, बाजूला बांधलं आणि ती खाली बसली. कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं. मोटार बंद होती.

लाइट गेली असणार, ती मनात म्हणाली. हल्ली रोज जाते. तिने मान उंचावून भिंतीवरून बघितलं. पलीकडे छपरीत दिवा चालू होता, उघडा, नुसता लोंबणारा बल्ब.

पहिली धार चरवीच्या तळावर वाजली. मग दुसरी. मग आवाज बदलत गेला, जाड झाला, फेसाळ झाला. सरुबाईने डोकं म्हशीच्या कुशीला टेकवलं.

शंभू किटल्या घेऊन आला. चरवीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. त्याने खिशातून फोन काढला आणि बाहेर गेला. "उद्या येऊ नका," असं म्हणताना तिला ऐकू आलं.

"ए शंभ्या," तिने आतूनच हाक मारली, "त्यांनी दुधापुरतीच बंद केलीया. हलवली न्हाई अजून. मी काय एवढ्यावर सोडायची न्हाई."

"व्हय आई."

"आन् म्हणं बादल्या आपटती! बादलीला काय गोधडी गुंडाळू?" ती थांबली. विचार केला. "जुनं पोतं टाकावं खाली. पर तिला सांगायचं न्हाई."

दूध गेल्यावर ती हात धुवून भिंतीपाशी गेली. उद्याचं पहिलं वाक्य तिने मनात घोळवायला घेतलं होतं. गोवऱ्यांपासून धरावं की आर्किटेक्टपासून? आर्किटेक्टपासूनच. त्याला जोर होता.

डालगं जागेवर होतं. संध्याकाळचा वारा सुटला होता, पण ते हललं नव्हतं. वर दगड ठेवलेला होता. तिने नव्हता ठेवला. सुंदराबाईही तर तिच्याबरोबरच अलीकडे आली होती. दगड पांढराशुभ्र, गुळगुळीत, अंड्यासारखा. पलीकडे तलावाच्या कडेने फुलझाडांत पसरलेले होते तसला.

सरुबाईने तो हातात घेतला, वजन केलं, उजेडात फिरवून बघितला.

"दगडसुद्धा इकत आणलेला!" ती संतापाने म्हणाली, आणि जिथून घेतला होता तिथे, नेमका, परत ठेवला.